एकासारखं दुसरं नको

के. आर. पुरम, बेंगळुरू
१४ मे

प्रिय अक्षरा,

कागदावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, आम्ही दोघं चालतेबोलते आहोत. परवाच आपलं फोनवर बोलणं झालं आणि आता मागोमाग आईचं पाकीट येतंय म्हणजे काहीतरी भानगड असणार, असं तुला वाटेल. भानगड आहे. पण ती नीट सांगायची तर मला गच्चीपासून सुरुवात करावी लागेल, आणि फोनवर ते जमायचं नाही. आपल्या घरात फोन स्पीकरवर असतो आणि तुझे अण्णा शेजारी बसलेले असतात. आत्ता सकाळचे साडेआठ झालेत, ते वर झाडांना पाणी घालताहेत, आणि मी डाळ शिजेपर्यंत म्हणून लिहायला बसले आहे. डाळ शिजली तरी उठणार नाही म्हणा.

दारातल्या लाल मातीच्या कुंड्या तुला आठवत असतील, एका मापाच्या, ओळीने मांडलेल्या. पाच वर्षांपूर्वी अण्णांनी त्या सगळ्या गल्लीत वाटून टाकल्या. मला विचारलंसुद्धा नाही. आणि त्यानंतर घरात जे जे फुटायचं, गळायचं, गंजायचं, ते गच्चीवर जायला लागलं. पहिला गेला तो माझ्या रुखवतातला कुकर. त्याचा एक कान तुटला होता आणि झाकण कधीच हरवलं होतं; त्यात कढीपत्ता लागला. मग गिझरची गंजकी टाकी मधोमध कापून एका अर्ध्यात मिरची, दुसऱ्यात वांगी. पाण्याचा स्टीलचा फिल्टर गळायला लागला तर त्यात पुदिना, आणि तोटी तशीच ठेवलेली, म्हणजे जास्तीचं पाणी तिथून सोडता येतं. तुझ्या हॉस्टेलच्या ट्रंकेत पालक. स्कूटर विकली तेव्हा हेल्मेट मात्र विकू दिलं नाही. ते उलटं टांगून त्यात दोड्डपत्रे लावलं, पुण्यात तुम्ही ओव्याची पानं म्हणता ते. शिलाई मशीनचं लाकडी झाकण, तडकलेलं बेसिन, रंगाच्या बादल्या, आणि वॉशिंग मशीनचा तो भोकाभोकांचा ड्रम, ज्यात लिंबाचं झाड माझ्या खांद्याएवढं झालं.

मी कुरकुर करायचे, पण ते काम करताना बघत बसायला मला आवडायचं, हे आता कबूल करते. छत्तीस वर्षं बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात टूलरूममध्ये काढलेला माणूस. तिथे म्हणे ते पोलादावरून नुसतं बोट फिरवून सांगायचे की इथे केसभर चढ आहे, आणि नवी पोरं माप लावून बघायची तर खरंच तेवढा असायचा. त्याच बोटांनी ते फुटक्या बादलीचा तळ चाचपायचे, कुठे भोक पाडायचं ते ठरवायचे. तळाशी कौलांचे तुकडे, वर नारळाच्या शेंड्या, मग माती आणि माझ्या भाजीच्या देठांचं खत. गडबड कधी नाही. आणि एकच हट्ट, एकासारखं दुसरं नको. कुणी दोन सारखे डबे आणून दिले तर एकाला सुतळी गुंडाळायचे, नाहीतर त्याचा काठ हातोडीने ठोकून वाकवायचे. एकदा मी म्हटलं, "नटवताय की काय त्याला?" तर हसून म्हणाले, "हो, स्वल्प नटवतो." मी त्यावर पुढे काही विचारलं नाही. पाच वर्षांत एकदाही नाही.

गेल्या दिवाळीत तू वर आलीस आणि कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "अण्णा, ही बाग आहे की गुजरीचं दुकान?" भंगारवाल्याला इथे गुजरी म्हणतात हे जावईबापूंना समजावून सांगावं लागलं, आणि मग सगळेच हसलो. अण्णा सगळ्यांत जास्त हसले. तुझ्या मनात काही वाईट नव्हतं हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच फेब्रुवारीत त्यांच्या वाढदिवसाला तू टेम्पोभर कुंड्या पाठवल्यास तेव्हा मी तर हरखूनच गेले. बेचाळीस कुंड्या, पांढऱ्याशुभ्र, एका मापाच्या, प्रत्येकीखाली तसलीच पांढरी ताटली. बरोबर दोन माळीही तूच ठरवून दिलेले. त्यांनी एका दिवसात सगळी झाडं हलवली. अण्णा पाण्याच्या टाकीला टेकून खुर्चीवर बसून होते. दिवसभरात एकदाच म्हणाले, "कुठलं झाड कुठे ठेवलंत तेवढं सांगा हं." त्यावर माळी म्हणाला, "अंकलजी, सब लाइन में है." अण्णा मान हलवून म्हणाले, "सरी." रिकामी झालेली टमरेलं, डबे, ट्रंक, सगळं दुसऱ्या दिवशी गुजरीवाला यल्लाप्पा घेऊन गेला. मी तुला गच्चीचा फोटो पाठवला, तू लाल बदामांची रांग पाठवलीस.

त्यानंतरचे तीन आठवडे मला आठवले तरी लाज वाटते. मिरची वाळून गेली आणि शेजारचा पुदिना पाण्याने कुजला. एका कुंडीत दोनदा पाणी पडायचं, पुढच्या चारांत थेंब नाही. तण म्हणून त्यांनी वांग्याचं कोवळं रोप उपटलं. मी बोलायचे, "लक्ष कुठे असतं तुमचं?" ते म्हणायचे, "वय झालं गं." मग हळूहळू त्यांनी वर जाणंच सोडलं. पेपर मांडीवर घेऊन बसायचे आणि मला म्हणायचे, वाच बघू काय लिहिलंय. मला वाटायचं, तुझ्या कुंड्या त्यांना आवडल्या नाहीत आणि लहान मुलासारखे रुसलेत.

मार्चच्या पहिल्या सोमवारी मी वर कपडे वाळत घालत होते. खूप दिवसांनी ते आपणहून जिना चढून आले. दोन पावलं टाकली आणि समोरच्या कुंडीत पाय अडकून सपशेल आडवे झाले. नडगी सोलली, कुंडी फुटली. मी आधी ओरडते आणि मग धावते, माझी सवय तुला माहीत आहे. "अहो, एवढी पांढरीधोप कुंडी! दिसत नाही का तुम्हाला?" ते तसेच फरशीवर बसून राहिले. पायाला हातही लावला नाही. म्हणाले, "नाही गं. दिसत नाही."

मला वाटलं चिडून बोलताहेत. पण ते चिडले नव्हते. बाहेर पाऊस नाही म्हणावं, इतक्या साध्या आवाजात ते बोलले होते. मी त्यांच्याजवळ बसले आणि अक्षरा, भर उन्हात त्या गच्चीवर त्यांनी मला पाच वर्षांचं सगळं सांगितलं. आधी कडेचं जायला लागलं. चहाचा पेला कोपराला लागायचा, दार खांद्याला लागायचं. मग पाइपातून बघावं तसं मधलं तेवढंच दिसायचं. म्हणून स्कूटर विकली. आता उजव्या डोळ्यात काही उरलं नाही आणि डावीकडे एक छोटंसं भोक आहे, तेही धूसर झालंय. टीव्ही ते ऐकायचे. घर पावलांनी मोजून ठेवलेलं होतं. तुझी ईरा व्हिडिओवर चित्र दाखवायची तेव्हा "वा, काय रंग भरलेत" म्हणायचे, कारण पोरीच्या आवाजावरून तिला काय ऐकायचंय ते कळायचं. (तिला यातलं काही सांगू नकोस. फक्त चित्र दाखवताना ते कशाचं आहे ते बोलून दाखव म्हणावं.) आणि गच्ची? गच्ची त्यांनी हातांसाठी मांडली होती. तुटका कान लागला की कढीपत्ता. गोल तोटी लागली की पुदिना. सुतळी म्हणजे टोमॅटो, वाकलेला काठ म्हणजे मोगरा. दिसेनासं होण्याआधी त्यांनी एकेक वस्तू निवडून पुढच्या अंधाराची तयारी केली होती, आणि मी त्याला नटवणं म्हटलं.

बेचाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसाचं असं काही मला कळायचं राहिलं असेल, हे मला खरंच वाटेना. माझ्या डोळ्यांदेखत हे सगळं चाललं होतं आणि माझे डोळे तर चांगले आहेत.

मी काय केलं सांगू? त्यांना खाली आणलं, जखम धुतली, आणि गच्चीच्या दाराला कुलूप लावून किल्ली साखरेच्या डब्यात लपवली. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू आहे म्हणाल्या डॉक्टरीणबाई. गेलेलं परत येत नाही, पण डाव्या डोळ्यात उरलंय ते थेंब घालून सांभाळता येईल. आणखी चार-सहा महिने अंगावर काढलं असतंत तर तेही गेलं असतं, असं त्या स्पष्ट बोलल्या. म्हणून तुला सांगते, त्या कुंड्या पाठवल्या म्हणून स्वतःला एक शब्दही बोल लावू नकोस. त्या आल्या नसत्या तर ते मला अजूनही फसवतच राहिले असते, इतकं त्यांचं सगळं बिनचूक चाललं होतं.

पण कुलूप लावल्यावर आठ दिवसांत ते खाटेवरचे झाले. हाक मारली की उठायचे, ताट समोर आलं की जेवायचे. मी पाणी हातात द्यायचे, चपला पायात घालायचे, आंघोळीला धरून न्यायचे. एका दुपारी मी त्यांच्यासाठी केळं सोलायला घेतलं, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "अहल्या, एवढं मला येतं." लग्नानंतर इतक्या हळू आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी केळं त्यांच्या हातात दिलं आणि विचारलं, काय हवंय तुम्हाला? ते म्हणाले, "माझे डबे."

मग आम्ही रिक्षा करून यल्लाप्पाच्या गोदामात गेलो, रेल्वेच्या पुलाच्या पलीकडे. तो बेळगावकडचा, आपल्याशी मराठीत बोलतो. म्हणाला, "अक्का, सामान हाय की मागं. मातीनं भरल्यालं, धुवायला वेळच गावला न्हाई." मागे म्हणजे काय, अर्ध्या बेंगळुरूचं भंगार तिथे डोंगर करून पडलं होतं. कुकर म्हणशील तर शंभर, बादल्या मोजता येऊ नयेत. मला वाटलं, झालं, यातून काय मिळणार? अण्णांनी माझा हात सोडला, पुढे होऊन उकिडवे बसले आणि त्या ढिगात हात घातला.

आता जे लिहिते ते मी स्वतः पाहिलं म्हणून लिहिते. त्यांनी एक कुकर उचलला, काठावरून अंगठा फिरवला, बाजूला ठेवला. दुसरा, तिसरा. चौथ्याला म्हणाले, "हा आपला." मी उलटा करून बघितला तर तळावर माझ्या आईने घातलेलं माझं नाव. मग ते भराभर चालले. पत्र्याचा डबा नखाने वाजवायचे, बादलीच्या कडीला बोट अडकवून बघायचे. हेल्मेट तर नुसतं वासावरून काढलं, दोड्डपत्र्याचा वास त्याच्या अस्तरात मुरला होता. यल्लाप्पाने हातातलं काम टाकलं आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. गंमत म्हणून की काय, त्याने दुसरा एक स्टीलचा फिल्टर हळूच त्यांच्या पुढ्यात सरकवला. अण्णांनी तोटी चाचपली आणि म्हणाले, "यल्लाप्पा, हिची तोटी नवी आहे. आमची कुठे ठेवलीस?" यल्लाप्पाने दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. त्याने मग पायांतल्या चपला काढल्या, देवळात काढाव्यात तशा, आणि स्वतः ढीग उपसून त्यांच्या हातात एकेक वस्तू द्यायला लागला. मी चाळीस वर्षं त्या हातांना ताट दिलं, पण ते हात काय आहेत ते मला त्या भंगारात कळलं.

सत्तावीस वस्तू मिळाल्या. ड्रम गेला होता, तुझी ट्रंकही गेली. कुलूप मी काढलं, जिन्याला मात्र लोखंडी कठडा बसवून घेतला. झाडं आम्ही दोघांनी मिळून परत हलवली. खरं तर त्यांनी हलवली, मी माती पुढे केली. नव्या कुंडीत मुळं गोल गोल फिरून गच्च बसली होती. ती त्यांनी एकही न तोडता बोटांनी अशी सोडवली जसा तुझ्या केसांचा गुंता सोडवायचे, शाळेला जाताना, मी रागावून कंगवा टाकून दिल्यावर. पांढऱ्या कुंड्या वाया गेल्या नाहीत. गल्लीत एकेकाला दिल्या, आता प्रत्येक फाटकावर एकेक आहे आणि गल्ली लग्नघरासारखी दिसते.

एका सकाळी मी मुद्दाम डोळे मिटून त्यांच्या मागे मागे फिरले. चार पावलांत टाकीला धडकले. ते थांबले, माझा हात घेतला आणि एका डब्यावर ठेवून म्हणाले, "वाजव." मी वाजवलं. "वरचा आवाज बघ, पोकळ आहे. म्हणजे वरची माती सुकली. आता खाली वाजव. जड आहे ना? म्हणजे आज पाणी नको." मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. मला आधी काहीच फरक कळेना, सगळा टणटणाट. आणि मग पाचव्या डब्यावर एकाएकी कळला. अगं, मातीतलं पाणी ऐकू आलं मला! सदुसष्टाव्या वर्षी माझ्या नवऱ्याने मला पाणी ऐकायला शिकवलं. कुजलेला म्हणून मी टाकायला निघाले होते तो पुदिना त्यांनी तसाच राहू दिला होता. "खाली जिवंत आहे, थांब," म्हणाले. बारा दिवसांनी मोहरीएवढी हिरवी टोकं वर आली, आणि ती मला दिसायच्या आधी त्यांच्या बोटांना लागली.

इथपर्यंत तुला वाटेल, आईने गोड गोष्ट कळवायला पत्र लिहिलं. तेवढंच असतं तर फोनवर सांगितलं असतं. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला हा त्रास होता का? मी लगेच "नाही" म्हणाले. अण्णांनी मान खाली घालून सांगितलं, "वडिलांना." तू ज्यांना पाहिलंच नाहीस ते तुझे आजोबा एक्कावन्नाव्या वर्षी पूर्ण आंधळे झाले होते, मग त्यांना पडवीत खाटेवर बसवून सगळ्यांनी त्यांच्या हातातलं काम काढून घेतलं, आणि ते तसेच सोळा वर्षं बसून होते. हे मला लग्नानंतर कुणी सांगितलं नव्हतं. बाई म्हणाल्या, हा आजार घराण्यात उतरतो, मुलांचे डोळे तपासायलाच हवेत. दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं अक्षर छान दिसत राहतं, कडेचं मात्र नकळत जातं. परतताना रिक्षात अण्णांनी माझ्याकडून शब्द घेतला की अक्षराला इतक्यात घाबरवायचं नाही, दिवाळीला येईल तेव्हा ते स्वतः सांगतील. मी सरी म्हणाले आणि दोन महिने गप्प बसले. परवा फोनवर तू हसत हसत सांगितलंस की गाडीची डावी बाजू फाटकाच्या खांबाला पुन्हा घासली, महिन्यात दुसऱ्यांदा, "खांब दिसलाच नाही गं आई." अण्णाही तुझ्याबरोबर हसले. मग त्यांनी माझ्या हातातून हात काढून घेतला, आणि तू फोन ठेवल्यावर भर दुपारी झाडांना पाणी घालायचंय म्हणून ते उठून वर गेले. कदाचित काहीच नसेल. खांबाला गाडी कुणाचीही घासते. पण त्यांना दिलेला शब्द मी आज मोडते आहे, आणि त्यांनी विचारलं तर तोंडावर सांगणार आहे. एकोणचाळीस हे काही फार वय नाही, वेळेत कळलं तर सगळं सांभाळता येतं, हे बाईंनी मला तीनदा सांगितलंय. तू या आठवड्यातच जा. चष्म्याच्या दुकानात नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. आजोबांना काचबिंदू होता आणि वडिलांना आहे, हे त्यांना आधी सांग. गाडी घरीच ठेव.

तुझीच,
आई